गोपाळपूरऐवजी पारादीप

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

ह्यांनी आज पुन्हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. पानं मांडायला जागाच उरली नाही, तेव्हा आमटीची वाटी मी सरळ बंगालच्या उपसागरात ठेवली. हे हसले नाहीत. "साधना, डाग पडेल," म्हणाले आणि वाटी उचलून मध्य प्रदेशात ठेवली.

सरकारी नोकरी सोडून ह्यांना दोन वर्षं होत आली. सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही इथे गाझियाबादला, वैशालीत आलो. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती, मागे मोहरीची शेतं. दिवसातून चारदा लाईट जाते. दारावर ह्यांनी 'पद्माकर टूर्स' अशी पाटी लावली आहे, ती वाचायला येतो तो फक्त दूधवाला. शार्दूल पुण्याहून फोनवर विचारतो, "बाबांचं काही चाललंय का?" मी म्हणते, चाललंय.

आता मात्र खरंच काहीतरी ठरतंय. दिल्लीतली आपली मंडळी एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास-सवलत घेतात आणि गोव्याला नाहीतर केरळला जातात. हे त्यांना ओरिसाच्या किनाऱ्याने नेणार आहेत. "डोंगर आणि समुद्र यांच्यामधली सपाट पट्टी आहे ना, सगळी नद्यांनी आणलेली माती. भात, नारळ, देवळं, जुनी बंदरं." मग बोट ठेवत एकेक गाव वाचून दाखवलं. बालेश्वर, चांदीपूर, कटक, कोणार्क, पुरी, चिलिका, गोपाळपूर. "पानिपतच्या काला अंबला आपण दरवर्षी जाऊन डोळे पुसून येतो. पण नागपूरकर भोसल्यांचं राज्य जिथे समुद्राला टेकलं होतं, तिथे एक मराठी माणूस फिरकत नाही."

एवढ्या लांब समुद्र बघायला कोण येईल, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही. किती दिवसांनी ह्यांचा आवाज असा ऐकला.

९ ऑक्टोबर, शनिवार

अलकाकडे गेलो होतो. सरोजिनी नगरला आमचा आणि त्यांचा जिना एकच होता. अजून तो जिना चढताना माझा हात आमच्या जुन्या दाराच्या कडीकडे जातो.

भाऊसाहेबांनी दोन जागा नक्की केल्या. भाऊसाहेब म्हणजे अलकाचे यजमान, मुलखाचे शांत. बंदरांच्या खात्यात आयुष्य काढलं, पण बंदर पाहिलं नाही. आज चहा घेता घेता म्हणाले, "पद्माकरराव, पारादीपच्या धक्क्याची लांबी, खोली, गाळ कधी काढला, सगळं मला झोपेतून उठवून विचारा. एकदा जायचा योग आला होता. ऐनवेळी साहेब स्वतःच गेले आणि येताना मला काजू घेऊन आले."

"ते आपल्या वाटेवर नाही हो," हे म्हणाले. "पुरीहून आडवं जावं लागतं. एक दिवस जातो. माझ्याकडे दिवस नाही."

"नसू दे, नसू दे. मी आपलं बोललो."

अलकाचं मन मागेपुढे होत होतं, कारण त्यांची रेवती यंदा बारावीला. मी म्हटलं, "तिला माझ्याकडे ठेव. मी काही टूरवर जात नाहीये. फोन घ्यायला घरी कुणीतरी हवंच."

रेवती आतून ओरडली, "जमनापार? यार आई, तिथे लाईटच नसते!" मग बाहेर येऊन माझ्याकडे बघून जीभ चावली. गोड मुलगी आहे.

१८ ऑक्टोबर, सोमवार

काल ओरिसात वादळ आलं. नेमकं गोपाळपूरला. माणसं गेली आहेत, घरं पडली आहेत. सकाळपासून फोन वाजतोय. करोल बागेतलं एक जोडपं आणि आर. के. पुरमची सगळी मंडळी विचारतायत, जायचं की नाही? गोपाळपूरच्या लॉजचा फोन लागत नाही. हे नकाशासमोर डोकं धरून बसले. न जेवता.

शेवटी मीच म्हटलं, "गोपाळपूर वगळा. बाकीची गावं तर ठीक आहेत ना?"

"मग एक दिवस मोकळा राहतो."

"मग भाऊसाहेबांना पारादीप दाखवा. किती आस आहे त्यांना."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर इतक्या कौतुकाने क्वचितच पाहिलं असेल. लगेच फोन लावला. पलीकडून भाऊसाहेबांचा आवाज मला इथे ऐकू येत होता, "अहो, खरं सांगताय?" बाकीच्यांनाही हे समजावत होते, की वादळ होऊन गेलं म्हणजे हवा स्वच्छ होते, आणि एका महिन्यात दोन वादळं काही येत नाहीत. मलाही ते पटलं.

उद्या दसरा. झेंडू आणले. आपट्याची पानं मात्र इथे कुठे मिळणार!

२३ ऑक्टोबर, शनिवार

नवी दिल्ली स्टेशनवर निरोप देऊन आले. ह्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. मला जरा लाजच वाटली. भाऊसाहेबांनी नवे कॅनव्हासचे बूट घेतलेत. "वाळूत चालायला," म्हणाले. अलका खिडकीतून रेवतीला तेच तेच सांगत होती, केस धू, वेळेवर झोप. गाडी हलल्यावर रेवती म्हणाली, "चलो काकू, आता आपलं राज्य."

२६ ऑक्टोबर, मंगळवार

कटकहून फोन आला. हे नुसते उसळत होते. चांदीपूरला समुद्र आपला आपण मागे जातो म्हणे! ओहोटीला कोसभर पाणीच नाही, नुसती ओली वाळू. त्यावरून चालत जायचं, लाल खेकडे पळताना बघायचे आणि पाणी परतायच्या आत मागे फिरायचं. अलका एवढी घाबरट, पण सगळ्यात पुढे तीच. बालेश्वरच्या बाजारात एका म्हाताऱ्या चहावाल्याला कळलं, की ही मराठी मंडळी. तो हसून म्हणाला, "अच्छा, बर्गी!" आपले बारगीर स्वार तिकडे लुटालूट करत, तेव्हा मुलांना ह्या नावाने भीती घालायचे म्हणे. भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या वतीने हात जोडून त्याची माफी मागितली. तो इतका खूश झाला, की चहाचे पैसे घेईना.

"साधना, पुढच्या खेपेला तू येणार आहेस," हे म्हणाले. मी बघू म्हटलं. खरं तर मला जावंसं वाटलं.

रेवतीला रोज सकाळी चार्टर्ड बसमध्ये बसवून देते. दुपारी ती आली, की आम्ही दोघी मटार सोलत गप्पा मारतो. तिला 'उंबरठा' शब्द माहीत नव्हता. चौखट म्हणते.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पुरीहून फोन. काल कोणार्क झालं. मंडळी दमली आहेत, आज त्यांना दर्शन आणि आराम. हे आणि भाऊसाहेब दोघंच जीप करून पारादीपला निघालेत. रात्री तिथे राहणार, उद्या परत.

मी विचारलं, "हवा कशी आहे?"

"आभाळ आहे जरा. वारा आहे. रेडिओवर काहीतरी सांगतायत. पण परवापासून सांगतायत. काही झालं नाही."

मागून भाऊसाहेब म्हणत होते, "पद्माकरराव, चला ना, उजेडात पोचू." लहान मुलासारखे.

रेवतीने फोन घेतला. "बाबा, शंख आणा. मोठावाला."

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळच्या बातम्यांत पारादीप हे नाव ऐकलं. वादळ तिथेच धडकलंय. महावादळ म्हणतायत. वाऱ्याचा जो वेग सांगितला, तो मला कळलाच नाही. एवढा वारा कसा असतो?

पुरीच्या हॉटेलचा नंबर फिरवला. लागत नाही. पारादीपचा तर नंबरच नाही माझ्याकडे. रेवती म्हणाली, "ते परत निघाले असतील काकू. सकाळीच निघणार होते." हो, म्हटलं. ती अभ्यासाला बसली. पुस्तक उघडं होतं, पान उलटलं नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

लाईट नाही. वरच्या मजल्यावरच्या सरदारजींच्या घरी इन्व्हर्टर आहे, तिथे बातम्या बघितल्या. सगळं राज्य तुटलंय. भुवनेश्वरलाही फोन लागत नाही. दाखवायला चित्रं नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा नकाशाच दाखवतात. पांढरा गोल भोवरा आणि त्याखाली ती पट्टी. ह्यांच्या नकाशावर ती हिरवी आहे.

फोन फिरवून माझं बोट दुखतंय. शार्दूल पुण्याहून म्हणाला, "आई, मी येऊ?" येऊन काय करशील, म्हटलं.

३१ ऑक्टोबर, रविवार

रेवतीला घेऊन ओरिसा भवनात गेले. केवढी गर्दी. सगळे एकच विचारतायत आणि सांगायला कुणाकडे काही नाही. तिथला एक अधिकारी स्वतः केंद्रपाड्याचा. मी नावं सांगितली, त्याने लिहून घेतली, आणि म्हणाला, "बहेनजी, मेरी माँ भी वहीं है। मुझे भी कुछ नहीं मालूम." मग त्यानेच मला पाणी दिलं.

परत येताना ऑटोत रेवतीने विचारलं, "काकांनी टूर कॅन्सल का नाही केली?"

वादळ होऊन गेलं होतं ना गं, म्हटलं. जमनेचा पूल ओलांडताना तिने डोळे मिटून घेतले.

१ नोव्हेंबर

काही नाही.

३ नोव्हेंबर, बुधवार

अलकाचा फोन! बरहमपूरहून. पुरीची सगळी मंडळी सुखरूप आहेत. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर अंधारात बसून होते, दारं धरून. एका बसवाल्याने त्यांना दक्षिणेकडे काढलं. बाकीचे मद्रासवरून गाडीने परततायत.

"आणि हे दोघं?" मी विचारलं.

"नाही आले गं," ती म्हणाली. "मी परत भुवनेश्वरला चाललेय. नागपूरहून शांतारामभाऊजी येतायत तिथे." शांताराम म्हणजे भाऊसाहेबांचे धाकटे भाऊ. मग म्हणाली, "रेवती जेवते का?"

रेवतीला फोन दिला. तिने "हो आई, हो आई" एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि मग जमिनीवर बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि माझं सगळं लक्ष फोनकडे होतं, न जाणो पुन्हा वाजेल म्हणून.

६ नोव्हेंबर, शनिवार

उद्या लक्ष्मीपूजन. खाली मुलं सकाळपासून फटाके उडवतायत. दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"साधना."

आवाज ह्यांचा होता आणि नव्हताही. तोंडातून "अहो" एवढंच निघालं, आणि मग मी हसायला लागले. खरंच हसायला लागले. जे झालं ते हेच. रेवती आतून धावत आली, माझं हसू बघून तीही हसली आणि टाळी वाजवून ओरडली, "बाबा! बाबांना द्या!"

"भाऊसाहेबांना द्या म्हणतेय ती," मी म्हटलं.

तिकडून नुसती खरखर.

"अहो, भाऊसाहेबांना द्या ना."

"नाहीत गं," हे म्हणाले. "नाहीत."

रेवती हात पुढे करून उभी होती, फोनसाठी. मी फोन तिला देऊ शकले नाही आणि ठेवूही शकले नाही. माझ्या तोंडावरचं ते हसू लगेच गेलं असेल का? मला वाटतं, नसेल गेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच हात खाली घेतला.

संध्याकाळी ती गॅलरीत बसली होती. मी दूध नेलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही खूश झालात ना? एक सेकंद?"

नाही म्हणता आलं नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

पणत्या लावल्या नाहीत. शेजारी मिठाई घेऊन आले. दारातूनच घेतली, आणि थँक्यू म्हटलं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

काल हे, अलका आणि शांतारामभाऊजी परतले. इतके दिवस ते गावोगाव फिरले. छावण्या, इस्पितळं, आणि जिथे इस्पितळ उरलं नाही तिथे उघड्यावर ठेवलेली माणसं. भाऊसाहेब सापडले नाहीत.

आज सरोजिनी नगरला गेलो. अलका, शांतारामभाऊजी, रेवती, सगळे बसले होते. ह्यांनी सांगायला सुरुवात केली. मी प्रथमच ऐकत होते.

गुरुवारी दुपारी दोघं पारादीपला पोचले. भाऊसाहेबांनी धक्का पाहिला, जहाजं पाहिली. एका खलाशाला ते गाळाचं काहीतरी सांगत बसले. संध्याकाळी वारा वाढला, तेव्हा निघायचं ठरलं. पण जीपवाला आपल्या घरच्यांना बघायला गेला, तो आला नाही. पहाटे एक ट्रक मिळाला. रस्त्यावर झाडं पडत होती. एका गावात ट्रक अडकला. सगळे तिथल्या शाळेत शिरले, गावातली माणसंही. छप्पर उडालं. मग पाणी आलं.

"लाट नव्हती," हे म्हणाले. "जमीनच वर आल्यासारखं वाटलं. सगळं सपाट ना तिथे. पळायला उंच जागाच नाही कुठे. आम्ही एकमेकांचा हात धरला होता. एका हाताने मी खिडकीचा गज धरला होता. हात सुटला."

"कुणी सोडला?" रेवतीने विचारलं.

"रेवती," शांतारामभाऊजी म्हणाले.

"विचारू दे तिला," हे म्हणाले. "बाळा, मला नाही माहीत. त्यांनी सोडला की माझ्याकडून सुटला. मी रोज आठवून बघतो. खरंच नाही माहीत."

अलका उठली. वाटलं, आता ती आम्हाला जा म्हणेल. तिने स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. कप आणून दिले. मग पदराला हात पुसत विचारलं, "पारादीप तर तुमच्या कार्यक्रमात नव्हतं ना? मग कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी कपाकडे बघत होते.

"माझ्या," हे म्हणाले. "गोपाळपूर गेलं, दिवस रिकामा होता. मीच ठरवलं."

मी काही बोलले नाही. घरी येतानाही आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

१२ डिसेंबर, रविवार

ह्यांनी दारावरची पाटी काढली. स्क्रू गंजले होते, अर्धा तास लागला. कुणाची मदत घेतली नाही. दिवसभर खिडकीशी बसतात. नळ सोडला, की दचकतात, म्हणून हे आंघोळीला जाण्याआधीच मी बादली भरून ठेवते. बरोबर टूरवर गेलेल्यांतलं कुणी एका शब्दाने टाकून बोललं नाही. दोघं-तिघं येऊनही गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं.

शांतारामभाऊजी म्हणतात, दिवस करून मोकळं व्हावं. अलका करू देत नाही. "माणूस सापडला नाही, तर मी कशाचे दिवस करू?" रेवतीची परीक्षा झाली, की क्वार्टर सोडून नागपूरला जायचं ठरतंय. मी अलकाकडे आठवड्यातून एकदा जाते. भाजी चिरून देते. ती बोलते, महागाईचं, पाण्याचं. कधीतरी सुरी थांबवून माझ्याकडे बघते. तिला माहीत आहे का? ह्यांनी सांगितलं असेल का कधी? विचारायची हिंमत नाही.

रेवती मी गेले, की दुसऱ्या खोलीत जाते.

८ जानेवारी

काला अंबला जाणाऱ्या मंडळींचा फोन होता, दरवर्षी हे बस ठरवून द्यायचे. ह्यांनी फोन घेतला नाही. मी सांगितलं, बरं नाहीये. ह्यांना ऐकू गेलं. "बरं आहे मी," म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे बघत बसले.

३ मार्च २०००, शुक्रवार

आज रेवतीचा पहिला पेपर. मला तारीख माहीत होती, म्हणून सकाळी उठून देवापुढे दिवा लावला. तेवढ्यात बेल वाजली. इतक्या सकाळी कोण, म्हणून दार उघडलं तर ती. युनिफॉर्म, पाठीवर दप्तर, खाली ऑटो थांबवलेली. सरोजिनी नगरहून एवढ्या लांब, एकटी.

"अगं, पेपर आहे ना तुझा? आईला सांगून आलीस का?"

"हो. काका आहेत?"

हे उठून आले. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. तिने नोव्हेंबरनंतर त्यांना बघितलंच नव्हतं.

"मला सेंटरवर सोडायला चला," ती म्हणाली.

"मी?"

"बोर्डाच्या पहिल्या पेपरला सगळ्यांचे बाबा येतात. मी एकटी नाही जाणार." मग ती रागाने मोठ्यांदा बोलायला लागली. "माफ वगैरे काही केलेलं नाही मी. आईने केलं असेल, मला नाही माहीत. पण चलो, लेट होतंय."

हे तसेच उभे. मला वाटलं, आता हे म्हणणार, मला जमणार नाही. मग हे आत गेले. सदरा बदलला, बूट शोधायला लागले. बूट पलंगाखाली होते, धूळ बसलेले. खाली वाकून बांधलेली एका बुटाची नाडी दोनदा सुटली. रेवतीने दप्तर खाली ठेवलं, त्यांच्यासमोर बसली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधून दिली. घट्ट, गाठीवर गाठ. मग उठून जिना उतरून गेली. त्यांच्याकडे वळून बघितलं नाही.

मी गॅलरीत आले. दोघं ऑटोत बसले. ती एका कडेला, हे दुसऱ्या कडेला, मधे दप्तर. ऑटो कौशांबीच्या बाजूला वळेपर्यंत मला दिसत होती.